बुश

आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं आहे. "शेवटी शेवटी ह्यांचा हात गेला होता हो." आई हे पाहुण्यांना सांगते, मावशीला फोनवर सांगते. बाबा त्यावर काही बोलत नाहीत. पेपरचं पान उलटतात. (हात तसा जागेवर आहे. गवयाचा आवाज जातो तसा कारागिराचा हात जातो, त्या अर्थाने.)

अंबडच्या एमआयडीसीत बाबांचा भाड्याचा गाळा होता, १९८८ ते २००९. एक लेथ, एक बेंच ग्राइंडर, एक पिलर ड्रिल आणि कामाला दोन पोरं. नाशिकला हे नवीन नाही. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी एचएएल आली, सातपूरला गाड्यांचे आणि गाड्यांच्या सुट्या भागांचे मोठे कारखाने आले, आणि त्यांना लागणारे वॉशर, ब्रॅकेट, फ्लँज करून देणारे बाबांसारखे लोक गाळ्यागाळ्यांतून उभे राहिले. २००७ मध्ये एका कंपनीने ४०० फ्लँजचा अख्खा लॉट परत पाठवला. भोकं मोठी पडली होती. नंतर आणखी एक लॉट आला परत. मग २००८ ची मंदी आली, कामंच कमी झाली आणि बाबांनी गाळा सोडला. लेथ विकला. ड्रिल मशीनला गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून ते सिडकोतल्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये आलं, आणि निळ्या ताडपत्रीखाली बसलं ते आजतागायत.

आता एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे मार्च महिन्यात बाबा म्हणाले, भंगारवाल्याला बोलावतो, किलोच्या भावाने का होईना, जाऊ दे. मी म्हटलं थांबा. का म्हटलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला बाल्कनीत शेल्फ लावायला चार ब्रॅकेट करायचे होते, हे सांगायचं कारण. खरं सांगायचं तर आठवडाभर दुसऱ्याच्या मायक्रोसर्व्हिसमधले बग शोधून झाल्यावर शनिवारी मला हाताला लागेल असं काहीतरी हवं होतं.

ताडपत्री काढली, मोटर फुंकून साफ केली, बटण दाबलं. चालू झालं! पंधरा वर्षांहून जास्त बंद असलेलं मशीन पहिल्या दणक्यात चालू होतं हे आमच्या लॅपटॉपवाल्यांना जरा झोंबतंच. आठचं ड्रिल लावलं, सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीत भोक पाडलं आणि व्हर्निअर लावला. ८.४. भोक गोलही नव्हतं, तिकोनी म्हणावं असं काहीतरी होतं. सुरुवातीला ड्रिलचं टोक सेंटर पंचच्या खुणेभोवती माशीसारखं फिरलं आणि मग वाटेल तिथे घुसलं.

माझा पहिला अंदाज, ड्रिल वाकडं. नवीन आणलं, तेच. दुसरा, चक खराब. इथे मी थांबलो, कारण अंदाजाने पार्ट बदलत जाणं आणि अंदाजाने कोड बदलत जाणं हे दोन्ही सारखेच वाईट धंदे आहेत. डायल इंडिकेटर आणला. चकमध्ये ग्राइंड केलेली सरळ पिन धरली, डायलचं टोक तिला टेकवलं. आता दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. स्पिंडल हाताने हळूहळू एक फेरा फिरवला आणि काटा हलला, तर स्पिंडल वाकडा आहे किंवा चक तिरका बसलाय. फिरवायचं नाही, नुसतं मागेपुढे ढकलायचं आणि तरी काटा हलला, तर स्पिंडल ज्यात फिरतो ते घासलंय. फिरवून आलं ०.०६. ढकलून आलं ०.४२. प्रश्न मिटला. चक बिचारा निर्दोष होता.

ज्यांनी ड्रिल मशीन फक्त शाळेच्या वर्कशॉपमध्ये लांबून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: हँडल फिरवलं की वरखाली होते ती एक जाड नळी, तिला क्विल म्हणतात. ती फिरत नाही, फक्त सरकते. तिच्या पोटात स्पिंडल फिरतो आणि त्याच्या खालच्या टोकाला चक. आजच्या मशीनमध्ये क्विलच्या दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग असतात. जुन्या मशीनमध्ये खालून येणारा दाब घ्यायला एक थ्रस्ट बेअरिंग असतं आणि बाकी सगळा भार दोन बुशांवर. बुश म्हणजे गनमेटलची बांगडीच, लांबट. गनमेटल हे नाव तोफांवरून आलं. जुन्या प्रमाणात १०० भागांत ८८ तांबं, १० कथील आणि २ जस्त. म्हणजे आपल्या काशाच्या नात्यातलंच, फक्त काशात कथील खूप जास्त. नाशिकच्या भांडी बाजारात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना या धातूची ओळख करून द्यायला नको.

स्पिंडल पोलादी, बुश मऊ. हे मुद्दाम असतं. घासायचंच असेल तर स्वस्त भागाने घासावं. मध्ये तेलाचा पातळ थर राहिला तर दोघंही वर्षानुवर्षं टिकतात. पण तेल थांबलं आणि धूळ आत गेली तर ती धूळ मऊ बुशात रुतून बसते, आणि मग ते बुशच एमरी पेपर होऊन स्पिंडलला खातं. मऊ कठीणाला खातं! हे मला आधी पटलं नव्हतं, स्पिंडलवरचा पट्टा पाहिल्यावर पटलं.

खोलायला एक पूर्ण शनिवार गेला. क्विल वर ओढणारी एक स्प्रिंग बाजूच्या डबीत घड्याळासारखी गुंडाळलेली असते. डबीचा नट काढताना डबी हाताने घट्ट धरून ठेवायची असते. मी नाही धरली. करंगळीशेजारचं बोट अजून निळं आहे. आईने हळद लावली आणि वर म्हणाली, "कंपनीत काय शिकवतात काय तुम्हाला?"

क्विल बाहेर आली, स्पिंडल निघाला. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घेऊन पार्किंगमध्ये बसलो. स्पिंडल मुळात २० मिलिमीटरचा, खालच्या बुशाच्या जागी १९.९३ झालेला. खालचं बुश एका दिशेने २०.०५ आणि काटकोनात २०.२२. म्हणजे अंडाकृती. वरचं जरा कमी, पण तेही अंडाकृती. आणि खरी गंमत पुढे. वरचं बुश मागे, मोटरच्या बाजूला घासलं होतं. खालचं बरोबर उलट, पुढच्या बाजूला.

पाच मिनिटं नुसता बघत बसलो, मग ट्यूब पेटली. या मशीनची पुली थेट स्पिंडलच्या वरच्या टोकावर आहे. पट्टा तिला मागे ओढतो. वरचं बुश झाला टेकू, आणि मग खालचं टोक पुढे दाबलं जाणार, सी-सॉसारखं. चांगल्या मशीनमध्ये पुलीला स्वतःची वेगळी बेअरिंग असतात, पट्ट्याचा ताण स्पिंडलपर्यंत पोचतच नाही. इथे ती चैन नाही. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणून ठेवला होता. का? अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरवर बारा मिलिमीटरची भोकं पाडायची होती आणि पट्टा घसरत होता म्हणून. फ्लँजची भोकं बाराची होती.

मला वाटलं सापडलं कारण. बुश काढायच्या आधी सगळं रॉकेलने धुवायला घेतलं. क्विलला खालच्या बाजूला तेलाचं एक भोक असतं, तीन-साडेतीन मिलिमीटरचं. हँडल पूर्ण खाली ओढलं तरच दिसतं. त्यातून तेल खालच्या बुशात जातं. ते भोक बंद होतं. तार घातली तर आतून खडूसारखा कडक, तपकिरी गोळा निघाला. बिडाच्या भुशात मळलेलं जुनं ग्रीस.

आणि मला मे २००१ आठवला.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपलं होतं, सुट्टीत बाबा गाळ्यावर घेऊन जायचे. रोज सकाळी मशीनला तेल घालणं हे माझं काम. ड्रिलला घातलेलं तेल जॉबवर ठिबकायचं आणि मला ते गलिच्छ वाटायचं. थर्मोडायनॅमिक्समध्ये नुकते ७० पडले होते, त्यामुळे अक्कल भरपूर होती. बेअरिंगच्या डब्यातलं पिवळं ग्रीस बोटावर घेतलं आणि त्या भोकात दाबून दाबून भरलं. ठिबकणं बंद. मी खूश. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असं वाटलं.

गिटमध्ये ब्लेम नावाची कमांड आहे. कुठली ओळ कोणी लिहिली ते सांगते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने कधीतरी मोठ्या तावातावाने ती चालवलेली असते आणि समोर स्वतःचंच नाव आलेलं असतं. तसंच झालं. फक्त इथे ओळ २००१ ची होती आणि लॉट २००७ मध्ये परत आला होता.

त्या रात्री मी बाबांना काही बोललो नाही. आधी दुरुस्त करू, मग बोलू असं ठरवलं. (भित्रेपणाला इतकं तर्कशुद्ध रूप फक्त आपणच देऊ शकतो.)

स्पिंडल ग्राइंडिंगला टाकला. जो भाग बुशात फिरतो तो दोन्ही जागी १९.८० करून आणला. नवीन बुश स्पिंडलच्या मापाने करायचं, उलट नाही, एवढं वाचून कळलं होतं. अंबडमध्ये एका टर्नरकाकांचा गाळा रविवारी सकाळीही उघडा असतो. त्यांच्याकडून गनमेटलची दोन बुशं करून घेतली. बाहेरून २६.०२, आतून १९.८२५. मोकळीक किती ठेवायची याचा जुना ठोकताळा आहे, व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. वीसला ०.०२ आणि थोडं वर. काका म्हणाले, "आतून असंच फायनल करू? नक्की?" मी म्हटलं नक्की, माझ्याकडे ड्रॉइंग आहे. काका म्हणाले बरं.

क्विलचं भोक २६.००. बुश ०.०२ ने मोठं, म्हणजे दाबून बसवायचं. गनमेटल थंडीने किती आकसतं ते काढलं: २६ मिलिमीटर, ४५ अंशांचा फरक, साधारण ०.०२. झालं की काम! बुशं रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी क्विल उन्हात तापवली, लांब बोल्ट, दोन जाड वॉशर, नट आवळला. लोण्यासारखी आत गेली बुशं. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला.

मग स्पिंडल घालायला गेलो. जाईना.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. २६.०२ चं बुश २६.०० मध्ये कोंबल्यावर तो जादाचा धातू जाणार कुठे? आतच येणार. आतलं माप जवळजवळ तेवढंच कमी झालं आणि माझी सगळी मोकळीक त्यात गेली. त्यावर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. लाकडी दांड्याला एमरी पेपर गुंडाळून हँड ड्रिलने आतून घासलं. तोंडाशी मोठं झालं, मध्ये तसंच राहिलं. शिवाय एमरीचे कण गनमेटलमध्ये रुतले असणार, म्हणजे नवीन बुश मी पहिल्याच दिवशी स्पिंडलखाऊ करून ठेवलं होतं. वर तेलाचं भोक क्विलच्या भोकासमोर आलेलंच नाही, हे दुसऱ्या दिवशी दिसलं. म्हणजे पुन्हा तेल बंद! पुन्हा मीच!!

पुढच्या रविवारी सगळं लोढणं घेऊन काकांकडे. ते हसले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "दादा, आधी बसवायचं, मग बोअर करायचं. दोन्ही एकदम." त्यांनी नवीन बुशं आतून मुद्दाम बारीक ठेवली, प्रेसवर क्विलमध्ये बसवली, आणि मग पुढचा दीड तास मी जे बघितलं ते मी पैसे देऊन पुन्हा बघेन. लेथच्या दोन सेंटरमध्ये एक लांब बार धरला. बारच्या मध्यावर एक छोटंसं टूल बाहेर आलेलं. क्विल त्या बारवर ओवून लेथच्या सॅडलवर व्ही-ब्लॉकमध्ये बांधली. डायल लावून इकडे एक पातळ शिम, तिकडे हलकी हातोडी, असं करत क्विल बारशी समांतर आणली. यातच तासभर गेला. मग बार फिरणार आणि क्विल सरकणार. एकाच फेरीत दोन्ही बुशं, त्यामुळे दोन्ही भोकं एका रेषेत येण्यावाचून गत्यंतरच नाही. शेवटचा कट इतका बारीक की धातूची पिवळी धूळ पडत होती नुसती. मग तेलाची भोकं क्विलमधूनच ड्रिल केली, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही. आत एक तेलाची चर काढली. स्पिंडलला तेल लावून वरून सोडला, आणि तो स्वतःच्या वजनाने हळूहळू, हवा दाबत खाली गेला.

मी विचारलं, आधीच का नाही सांगितलंत? काका म्हणाले, "तुमच्याकडे ड्रॉइंग होतं ना."

जोडणी पटकन झाली. थ्रस्ट बेअरिंग नवीन टाकलं, ५११०४, सहज मिळतं. वरचा लॉकनट असा आवळायचा की वरखाली हलता कामा नये पण हाताने मोकळं फिरलं पाहिजे. स्प्रिंगची डबी या वेळी दोन्ही हातांनी धरली. डायल लावला. ढकलून ०.०३. आधी ०.४२ होतं. एक तास सगळ्यात कमी स्पीडवर रिकामं चालवलं, दर दहा मिनिटांनी तेल. क्विल कोमट झाली, गरम नाही.

मग बाबांना खाली बोलावलं. आठचं भोक पाडून दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, व्हर्निअर माझ्या हातातून घेतला. ८.०५. परत एकदा वेगळ्या दिशेने मोजलं.

मी म्हटलं, "बाबा, तुमचा हात नव्हता गेला. बुश गेलं होतं."

"माहीत आहे की मला."

मी बघतच राहिलो.

"२००४-०५ पासून हलत होतं. चक धरून हलवलं की कळतं, त्याला डायल कशाला लागतो?"

मग बदललं का नाही? यावर ते शांतपणे सांगत होते, हिशोब सांगावा तसे. बुश बदलायचं म्हणजे चार दिवस मशीन बंद. ड्रिल एकच. दर गुरुवारी कंपनीची गाडी यायची. चार दिवस बंद म्हणजे एक गाडी चुकणार, गाडी चुकली की पुढचं काम दुसऱ्या गाळ्यात जाणार, आणि दोन पोरांची हजेरी तर द्यावीच लागणार. म्हणून हा लॉट झाला की करू, पुढचा झाला की करू. तोवर पंच खोल मारायचा, आधी चारचं ड्रिल घालायचं, मग बाराचं, दाब हलका ठेवायचा. हलणाऱ्या स्पिंडलने त्यांनी तीन वर्षं मापात भोकं पाडली होती. मग एक दिवस नाही पडली.

टेक्निकल डेट हा शब्द वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये वापरला. आमच्या प्रत्येक प्लॅनिंग मीटिंगमध्ये कोणीतरी तो उच्चारतं आणि सगळे गंभीर माना हलवतात. त्याचं व्याज कोणाच्या खिशातून गेलेलं मी मीटिंगमध्ये कधी बघितलेलं नाही.

"पण मग आई म्हणते हात गेला, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मशीन खराब आहे म्हटलं असतं तर बाकीची कामंही गेली असती. वय झालं म्हटलं की लोक एखाददुसरा लॉट चालवून घेतात. तेच सांगितलं सगळ्यांना. घरीही तेच राहिलं."

आता माझ्याकडे काही निमित्त उरलं नव्हतं. मे २००१ ची गोष्ट सांगितली. ग्रीस, भोक, सगळं. तो कडक गोळा मी प्लास्टिकच्या डबीत ठेवला होता, तो दाखवला. बाबांनी तो बोटांत चुरडला, वास घेतला.

"म्हणजे आठ वर्षं मी तेल कुठे घालत होतो?"

"बाहेरून ओघळत असणार."

"रोज घालत होतो मी." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वाकून क्विलचं भोक शोधत होते. हँडल खाली ओढलं, भोक दिसलं, तेलाची कुपी घेऊन दोन थेंब सोडले आणि ते आत जातात का ते बघत उभे राहिले. गेले.

"पट्टा सैल कर जरा," म्हणाले. "अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच गेला पाहिजे."

ब्रॅकेट झाले. त्यातले दोन बाबांनी केले, मला विचारलं नाही. आईचं वाक्य परवा पुन्हा आलं, मावशीशी बोलताना. बाबा पेपर वाचत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प बसलो.

पट्टा मात्र खरंच कडक झालाय, जागोजागी भेगा आहेत. शनिवारी द्वारकेला जाऊन नवीन आणायचा आहे. मापाला जुना पट्टा सोबत न्यायचा, ड्रॉइंग नाही.